नवखा नेमका कोण?

शंकेखोर : आकडे नंतर सांग. आधी पत्र्यावरच्या दगडांचं बोलू. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर जमीन हलली. तीव्रता ४.५, केंद्र आपल्याच कळमनुरी तालुक्यातलं जांब. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का, या वेळी रामेश्वर तांडा. तेव्हा सरकारी सूचना आली, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. सूचना बरोबरच होती. पण आपल्या बाळापुरात काय किंवा तांड्यावर काय, दगड ठेवतात ते वावटळीत पत्रा उडू नये म्हणून. ठेवला तर भूकंपात डोक्यात, काढला तर वादळात पत्रा शेजारच्याच्या वावरात. पत्रा हुकानं नीट आवळून घ्यायला पैसे लागतात, सूचना द्यायला लागत नाहीत. आता त्याच देशात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करायची म्हणतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी ठेवले. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागा वापरायचा विचारही बोलून दाखवलाय. मग मराठवाड्यात परळीचं नाव आज ना उद्या कुणाच्या तरी तोंडी येणारच. म्हणून आत्ताच विचारून ठेवतो, या कामात नवख्या असलेल्या आपल्या देशात सुरक्षा म्हणजे सूचना की हूक?

उत्साही : सर, तुम्ही पत्र्यावरून थेट भट्टीवर उडी मारली. ४.५ चा धक्का मातीच्या भिंतीला जड जातो, अणुभट्टीला नाही. तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा बत्तीसपट वाढते, हे तुम्हीच शिकवलंत. भट्टीचा आराखडा त्याहून कितीतरी मोठे धक्के धरून करतात. २००१ मध्ये भुजचा भूकंप झाला तेव्हा गुजरातेतलंच काक्रापारचं केंद्र चालू राहिलं. २००४ च्या त्सुनामीत कल्पक्कमच्या पंपघरात समुद्राचं पाणी शिरलं, भट्टी नीट बंद झाली आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. आणि नवखा देश कुणाला म्हणता? तुर्भ्याची अप्सरा भट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. तारापूर १९६९ पासून वीज देतंय. वीसहून जास्त भट्ट्या आपण चालवल्या आणि त्यांच्या किरणोत्सर्गानं बाहेरच्या जनतेत कुणी दगावल्याची एकही नोंद नाही. अणुऊर्जा खातं आपल्याला परकंही नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा त्याच खात्याच्या पुढाकारानं व्हायची आहे. २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. नवखे आहेत ते बांगलादेश आणि अमिरात, आपण नव्हे.

शंकेखोर : लायगो बिघडली तर शास्त्रज्ञांचा प्रबंध बुडेल, गाव उठवावं लागणार नाही. तिला या वादात ओढू नकोस. भूकंपाच्या आकड्यांचाही फार भरवसा धरू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी सरकारी नकाशात पहिल्या टापूत होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. हजारो माणसं गेली, मग २००२ मध्ये नकाशा बदलला. आपल्याच भागातल्या पांगरा शिंदे गावच्या लोकांना वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज ऐकू येतात. त्यांना कोणता टापू म्हणून काय सांगायचं?

पण माझा मुद्दा नकाशाचा नाही. तारापूरची वीज १९६९ ची, आणि अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ ला. मधली चौदा वर्षं कुणाचं लक्ष होतं? खात्याचंच. आधी कामापुरत्या समित्या, पुढं खात्याची सुरक्षा आढावा समिती. ज्यानं पेपर काढला, त्यानंच सोडवला आणि त्यानंच तपासला. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, असल्या पेपरात कुणी नापास झालेलं पाहिलं नाही. पुढं मंडळ आलं तेही संसदेच्या स्वतंत्र कायद्यानं नाही, १९६२ च्या कायद्यातल्या कलमाखाली सरकारी आदेशानं. ते उत्तर द्यायचं अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजे खात्याचाच सचिव. तू ज्यांना नवखे म्हणतोस त्यांचं बघ. अमिरातीनं २००९ मध्ये आधी नियामक नेमला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोरियाच्या कंपन्यांशी करार केला. बांगलादेशचा नियामक २०१३ चा, रूपपूरच्या भट्टीचं पहिलं काँक्रीट पडलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं नव्या देशांसाठी एकोणीस बाबींची वाट आखून दिलीय, कायदा, नियामक, माणसं, पैसा, कचरा, आपत्कालीन तयारी, आणि त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात असंही सांगितलंय. आपण हरियाणातल्या केंद्रात बाहेरच्यांना हे शिकवतो. स्वतः मात्र उलट्या क्रमानं शिकलो.

उत्साही : क्रम उलटा होता, कबूल. पण सुलटा क्रम १९६४ मध्ये शक्य तरी होता का? तारापूरचा करार झाला तेव्हा या देशात भट्टी आतून पाहिलेली माणसं होती ती सगळी तुर्भ्याला. त्यांचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये सुरू झालं. त्यातली अर्धी उचलून दिल्लीच्या दुसऱ्या इमारतीत बसवली असती आणि पाटीवर ‘स्वतंत्र नियामक’ लिहिलं असतं, तर स्वातंत्र्य पाटीला मिळालं असतं. भट्टी बांधायला, चालवायला कमी माणसं उरली असती आणि तपासणाऱ्यांनी चालवण्याचा अनुभव कधीच घेतला नसता. नियामकाला नुसता अधिकार असून भागत नाही. वेल्डिंगचा एक्स-रे हातात घेतला की त्यात चीर आहे की सावली, हे त्याला कळलं पाहिजे. ते कायद्यानं येत नाही.

तुमची उदाहरणंही तेवढी सोवळी नाहीत. अमिरातीनं नियामक आधी नेमला, पण त्याच्या प्रमुखपदी अमेरिकी नियामक आयोगात आयुष्य घालवलेला माणूस आणला. पैसा होता म्हणून अनुभव विकत घेतला. एवढं करूनही २०१२-१३ मध्ये कोरियात सुट्या भागांची बनावट प्रमाणपत्रं सापडली आणि तिथल्या काही भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा त्याच देशाच्या भट्ट्या वाळवंटात उभ्या राहत होत्या. रूपपूरचं तर विचारूच नका. भट्टी रशियाची, इंधन रशियाचं, कर्ज बहुतेक रशियाचं, आणि तपासायचं कसं हे शिकवायला येणारेही रशियाचेच. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी घेतलेली एकेक उशी जवळपास सहा हजार टक्यांना पडली, ती वरच्या मजल्यावर न्यायला आणखी ७६०. २०१९ मध्ये तो घोटाळा गाजला. नियामक मंडळ तेव्हा सहा वर्षांचं होतं. कागदावरचा क्रम अगदी सुलटा.

शंकेखोर : उशीचा हिशेब नियामकाकडं नसतो. पण तू अमिरातीचा निम्माच किस्सा सांगितलास. तिथल्या बराकाची पहिली भट्टी २०१८ मध्ये बांधून जवळजवळ तयार होती. चालवण्याचा परवाना मिळाला फेब्रुवारी २०२० मध्ये, कारण चालवणारी माणसं तयार नाहीत असं ठरलं. हजारो कोटींचं काम व्याज खात उभं, वर राजेशाही, आणि तरीही ‘थांबा’ म्हटलं गेलं. विकत घेतलेल्या अनुभवानं म्हटलं असेल, पण म्हटलं. सुरक्षेची यंत्रणा म्हणजे दुसरं काय असतं? तू काँक्रीटच्या भिंतीची जाडी सांगशील, मी विचारतो, पहाटे साडेतीनला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि तसं म्हटल्यावर त्याची बदली कुठं होते?

साडेतीन मुद्दाम म्हटलं. ३१ मार्च १९९३ ची पहाट, उत्तर प्रदेशातलं नरोरा. २२० मेगावॉटची, पूर्णपणे आपली म्हणावी अशी भट्टी. टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र थडथडायला लागलं, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. आग केबलच्या वाटेनं पळाली. मुख्य विजेच्या आणि राखीव विजेच्या केबल एकमेकींपासून नीट वेगळ्या नव्हत्या, मध्ये आग अडवणारा आडोसा नव्हता. चार-चार सोयी केलेल्या असून एकाच आगीत सगळ्या गेल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. भट्टी लगेच बंद केली होती, पण बंद भट्टी म्हणजे विझलेली चूल नव्हे. बंद केल्या क्षणी तिच्यात पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता तयार होत असते आणि ती काढत राहावं लागतं, तासन्‌तास, दिवसेंदिवस. कर्मचारी बॅटऱ्या घेऊन भट्टीच्या इमारतीवर चढले आणि हातानं झडपा उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं, भट्टी चुकूनही पुन्हा पेटू नये म्हणून. आग विझवायचे डिझेल पंप होते, त्यांचं पाणी बाष्पजनित्रांत फिरवलं. सतरा तास केंद्रात वीज नव्हती. आणि तसल्या पात्यांना तडे जातात हा इशारा परदेशी कंपनीकडून चार वर्षं आधी आलेला होता, असं नियामक मंडळाच्या माजी अध्यक्षांनीच पुढं लिहिलं. इशारा कागदावर होता, पाती यंत्रात होती. दोन्हींची गाठ घालून देणं कुणाचं काम होतं?

उत्साही : नरोऱ्याची पहाट मलाही पाठ आहे. आमच्या प्रशिक्षणात तिचं एकेक मिनिट शिकवतात. पण त्या रात्री किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. चेर्नोबिलला चालवणाऱ्यांना स्वतःची भट्टीच नीट कळलेली नव्हती. नरोऱ्याला वीज गेली, धूर भरला, कक्ष सोडावा लागला, तरी अंधारात कोणत्या जिन्यानं जायचं आणि कोणती झडप फिरवायची हे त्या माणसांना माहीत होतं. तुम्ही ज्या खात्याला स्वतःचा पेपर स्वतः तपासणारं म्हणता, त्याच खात्यानं ही माणसं घडवली. त्यानंतर सगळ्या केंद्रांत केबलच्या वाटा वेगळ्या केल्या, आडोसे आले, पाती बदलली. फुकुशिमानंतर बाहेरून पंप जोडून पाणी देता येईल अशा जोडण्या केल्या. ते तर नरोऱ्यानं आपल्याला जपानच्या अठरा वर्षं आधी शिकवलं होतं. १३ मे १९९४ ला कर्नाटकात कैग्याच्या नव्या भट्टीच्या घुमटाचं काँक्रीट आतून निखळून पडलं, तेव्हा काम थांबलं, आराखडा बदलला. कुडनकुळमला २०१३ मध्ये चार झडपा सदोष निघाल्या, मंडळानं बदलायला लावल्या, तारीख पुढं गेली. ‘थांबा’ आपल्याकडंही म्हटलं जातं, सर. त्याचा गाजावाजा होत नाही एवढंच.

शंकेखोर : घुमट पडल्यावर ‘थांबा’ म्हणायला नियामक कशाला लागतो? गवंडीही म्हणेल. झडपांचं मात्र मान्य करतो.

बरं, भट्टी बाजूला ठेव. मंडळाच्या हाती भट्ट्यांखेरीज आणखी काय असतं? गावोगावची एक्स-रे यंत्रं. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. देशात ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रं चालू होती, त्यातली मंडळाकडं नोंद होती ५,२७० ची. उरलेली ५२,१७३ नजरेबाहेर, शंभरातली एक्याण्णव. कायद्यात दंडाची तरतूद तेव्हा जास्तीत जास्त पाचशे रुपये होती. आपल्याच भागातल्या एका ठिकाणी मी नातवाचा हात घेऊन गेलो होतो, नाव घेत नाही. खोलीचं दार विटेचा तुकडा लावून उघडं, कारण आत उकडतं. शिशाचा ॲप्रन खिळ्याला टांगलेला, त्यावर धूळ. यंत्रवाला पोरगा मला म्हणाला, काका, तुम्हीच त्याचा हात धरा, हलू देऊ नका, आणि स्वतः बाहेर गेला. मी धरला. बाहेर बाकावर दोन गरोदर बाया बसलेल्या, दार उघडंच. अपघात झाला नाही, कुणी मेलं नाही, वर्तमानपत्रात काही आलं नाही. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये आलं. विद्यापीठानं जुनं गॅमा उपकरण लिलावात भंगारवाल्याला विकलं, आत कोबाल्ट-६०, एक मजूर मेला. तारापूर मोठं आहे, डोळ्यांसमोर आहे, तिथं तुमची उत्तम माणसं आहेत. पण छोट्या भट्ट्या पुष्कळ असतील, विखुरलेल्या असतील, खासगी असतील, कारखान्याच्या आवारात असतील. त्या तारापूरसारख्या सांभाळल्या जातील की विटेच्या तुकड्यावर?

उत्साही : हा मुद्दा लागला. त्या अहवालानंतर नोंदणी ऑनलाइन झाली, आकडा बराच सुधारला, पण विटेचा तुकडा ऑनलाइन दिसत नाही हे खरं. केरळ आणि मिझोरामनं राज्य पातळीवर किरणोत्सर्ग सुरक्षेची स्वतंत्र यंत्रणा उभी केली, तशी प्रत्येक राज्यात हवी. मात्र छोटी भट्टी आणि एक्स-रे यंत्र एका मापानं मोजू नका. भारत लघु अणुभट्टी म्हणून जी पुढं आणली जातेय, ती २२० मेगावॉटचीच आहे, आपल्या हाताखालून गेलेली. कारखानदार पैसे घालेल, पण चालवणार सरकारी महामंडळ, अशीच त्या योजनेची मांडणी होती.

आणि तुमची मूळ तक्रार तर आता दूर झालीय. मंडळाला कायद्याचा आधार द्यायचं विधेयक २०११ मध्ये आलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेचा गट आला, त्यांनीही स्वातंत्र्य कायद्यात लिहा असं सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ‘शांती’ कायदा केला, त्यात मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. बेचाळीस वर्षं लागली, पण झालं ना?

शंकेखोर : झालं. पण त्याच कायद्यानं आणखी काय केलं तेही सांग की. खासगी कंपन्यांना दार उघडलं. भोपाळ आठवून २०१० च्या कायद्यात एक कलम घातलं होतं, पुरवठादाराचा माल सदोष निघाला तर चालवणाऱ्याला त्याच्यावर दावा लावता यावा. ते काढलं. भरपाईची मर्यादा भट्टीच्या आकारावर ठेवली, मोठ्यात मोठीला ३,००० कोटी, लहानात लहान गटाला १०० कोटी. त्यावरचं सरकार बघेल, म्हणजे तू आणि मी. ज्या दिवशी पंचाला शिट्टी दिली त्याच दिवशी मैदानात दुप्पट पैलवान सोडले आणि पडलेल्याची किंमतही आधीच ठरवून टाकली. मी म्हणतो देश नवखा आहे, तो या अर्थानं. सत्तर वर्षं एकच मालक होता, सरकार. त्याला नफा नको होता, भागधारक नव्हते, कर्जाचा हप्ता चुकला म्हणून बँक दारात येत नव्हती. आता हप्ता चालू असलेल्या मालकाला ‘थांबा’ म्हणायचंय. ते या मंडळानं अणुवीज केंद्राच्या बाबतीत आजवर एकदाही केलेलं नाही, करायची वेळच आली नाही. तुमची सत्तर वर्षांची पुण्याई इथं कितपत कामाला येते?

उत्साही : येते, पण पुरत नाही, हे मानतो. तरी त्या कलमाची दुसरी बाजू ऐका. २०१० नंतर परदेशी पुरवठादार त्याच कलमाला बिचकून मागं राहिले. जैतापूरला सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॉट, २०१० मध्ये करार, २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एक बळी, आणि आजही भट्टीची एक वीट नाही. पंधरा वर्षं ती वीज कुठून आली? कोळशातून. कोळशाच्या राखेसाठी कोणता नियामक सोळा किलोमीटरचा आपत्कालीन टापू आखतो? परळीच्या बाजूची झाडं बघा, पानांचा रंग बघा. त्या राखेनं ज्यांच्या छातीत घर केलं त्यांची नरोऱ्यासारखी मिनिटामिनिटाची चौकशी होत नाही.

आणि परळीही सोडा. आपल्या शिवारात रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला माणूस जातो. हळदीला पाणी पाहिजे, लाइट रात्री बाराची. एका हातात मोबाइलची बत्ती, दुसऱ्या हातात फावडं, पाय चिखलात. साप चावतो, मोटारीच्या पेटीचा शॉक बसतो. ती मरणं कुठल्या ऊर्जेच्या खात्यावर लिहिता? भरवशाची, दिवसाही मिळणारी वीज नसणं हीसुद्धा असुरक्षितताच आहे. तिला समिती नाही, अहवाल नाही. तुम्ही म्हणाल सौर पंप आलेत, आलेत, चांगलंय. पण कारखान्याला, दवाखान्याला रात्री वीज लागते, ती कुठून तरी सतत यावी लागते. तुम्ही शंका फक्त नव्या गोष्टीवर घेता. जुनी गोष्ट रोज माणसं खाते, तिची सवय झाली म्हणून ती सुरक्षित ठरते का?

शंकेखोर : नाही ठरत. रात्रीच्या लाइटीचं तू बोललास त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. आपल्या पट्ट्यात असलं मरण कुणाला नवीन नाही. पण त्यातूनच माझी शंका अजून घट्ट होते. जे सरकार मोटारीच्या पेटीला अर्थिंग आहे का हे बघू शकत नाही, त्याच्याच हाती भट्टीबाहेरची आपत्ती असते. कुंपणाच्या आतलं केंद्राचे लोक बघतात. कुंपणाबाहेरचं जिल्हाधिकारी. दोन-अडीच वर्षांनी त्यांची बदली. आयोडीनच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायच्या, त्यांची मुदत बघायची, कोणत्या रस्त्यानं किती गावं हलवायची ते ठरवायचं, वाऱ्याची दिशा बघून. मार्च २०२४ ला धक्का बसला तेव्हा बाळापुरात पहिली खबर व्हॉट्सॲपवरून आली. दुसरा धक्का अमुक वाजता येणार, असं सांगणारेही निघाले. अकरा मिनिटांनी खरंच दुसरा आला, ३.६ चा, आणि मग अफवेवर लोकांचा जास्तच विश्वास बसला. किरणोत्सर्गाला तर वास नाही, धक्का नाही, आवाज नाही. तिथं सरकारनं ‘घरातच थांबा’ म्हटलं तर आपलं गाव थांबेल? की पांगरा शिंदेच्या आवाजासारखं, कुणी काही म्हणो, ज्यानं त्यानं आपलं समजून घ्यावं?

म्हणून विचारतो, नवखा नेमका कोण? देश नसेल. तुर्भे नाही, तारापूर नाही. पण तहसीलदार नवखा आहे. आरोग्य केंद्रातली सिस्टर नवखी आहे. नवा मालक, त्याला कर्ज देणारी बँक, त्याच्या सुट्या भागांचा ठेकेदार, सगळे नवखे. त्या एकोणीस बाबींची यादी देशासाठी आहे, ती तालुक्यासाठी कुणी लावून पाहिलीय का? आणि परळीला पाण्याचं काय? २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळशाचं केंद्र बंद केलं की झालं. अणुभट्टीला बंद केल्यावरही पाणी लागतं, हे नरोऱ्यानं दाखवलं. नदीच्या पात्रात वाळू असताना ते कुठून देणार?

उत्साही : पाण्याचा मुद्दा तंत्रज्ञानाचा आहे आणि तो सुटतो. साठा वेगळा ठेवायचा, भट्टीसाठी राखीव, प्यायलाही द्यायचा नाही असा. तो परवडत नसेल तर ती जागा नाकारायची. मीच नाकारेन, तुमच्या आधी. पण तालुक्याचं ऐकून मला भीती वाटते, कारण ती अट कधीच पुरी होणारी नाही. कोयनेचं बघा. ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला, धरणाला तडे गेले, माणसं मेली. धरण नवखं, देश नवखा, धरणामुळं भूकंप होतो का हा प्रश्नच जगाला नवखा. म्हणून कोयना फोडली नाही. बळकट केली, भूकंपमापकं बसवली, आज जगभरातले लोक तिथं अभ्यासाला येतात. महाराष्ट्राचा निम्मा संसार त्या विजेवर उभा राहिला. तालुका आधी शहाणा होईल आणि मग काम येईल, असं कुठंच झालं नाही. काम येतं तेव्हा तालुका शहाणा होतो. तारापूरच्या परिसरात आज सरावाची सवय आहे ती केंद्र आल्यामुळंच.

शंकेखोर : तारापूरला सरावाची सवय आहे, पोफरण आणि अक्करपट्टीला विस्थापनाची. कोयनेनंही शहाणपण दिलं ते माणसं गेल्यावर. आणि धरण फुटलं तरी पाणी ओसरल्यावर गावाला परत जाता येतं, चेर्नोबिलच्या प्रिपयातला चाळीस वर्षांत कुणी परत गेलं नाही. चुकत-माकत शिकायचं असेल तर चुकीची किंमत एका पिढीत फिटणारी पाहिजे. इथं ती नाही, एवढंच माझं म्हणणं. मी काम थांबवा म्हणत नाही. सराव आधी घ्या म्हणतो. जागा ठरायच्या आधी, जमीन घ्यायच्या आधी. भोंगे लावा, रस्ता करा, आरोग्य केंद्राला डॉक्टर द्या, सोळा किलोमीटरची गावं एकदा खरोखर हलवून बघा. जमलं तर भट्टी आणा. नाही जमलं तरी रस्ता आणि डॉक्टर मागं राहतील.

उत्साही : असं केलं तर भट्टीच्या आधी गावाला भोंगा भेटेल. गाव विचारेल, एवढं काय येणार आहे की पोराबाळांसकट पळायचा सराव करायचा? आणि ‘नाही’ म्हणेल. जगात कुठलंही गाव म्हणेल.

शंकेखोर : म्हणू दे. जे ऐकून गाव ‘नाही’ म्हणतं, ते लपवून मिळवलेलं ‘हो’ पहिल्या भोंग्याला टिकणार नाही.

उत्साही : मग सांगा, तो नकार सुरक्षेच्या यंत्रणेचा भाग धरायचा की तिचं अपयश?

शंकेखोर : भाग. नियामकानं ‘थांबा’ म्हटलेलं चालतं, तर सोळा किलोमीटरातल्या माणसानं म्हटलेलं का चालू नये?

उत्साही : कारण नियामकाला नाही म्हणण्याची कारणं द्यावी लागतात, ती चुकीची निघाली तर बदलता येतात. आणि हाच अधिकार परळीच्या राखेखालच्या गावालाही द्यावा लागेल. कोळशाला तेही ‘नाही’ म्हणतील, त्यांची कारणं तर तयारच आहेत. दोन्ही नकार मानले तर हळदीच्या वावरात रात्री बाराला जाणाऱ्याला तुम्ही काय सांगणार?

शंकेखोर : त्यालाही बैठकीला बोलवा. आजवर त्याला कुणी विचारलेलंच नाही, तुमच्या बाजूनंही नाही आणि माझ्याही.

उत्साही : बोलवू. पण तो म्हणाला की मला उद्याची लाइट द्या, तुमचा सराव तुम्हीच करा, तर?

शंकेखोर : मग त्याला सांगावं लागेल की उद्याची लाइट कुठल्याच भट्टीतून येत नाही. पहिल्या खड्ड्यापासून दहा वर्षं धर. त्यातलं पहिलं वर्ष मी मागतोय.

उत्साही : आणि त्या वर्षाचं व्याज कुणी भरायचं?